आप्रवासी घाट

हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेस, मॉरिशस हे एक लहानसे बेट आहे. ज्वालामुखीतून ते जन्मले. भोवती प्रवाळांचे कडे, आत संथ निळे पाणी, किनाऱ्यावर पांढरी वाळू आणि मागे उसाचे हिरवेगार मळे! पांपलमूसच्या उद्यानातील कमळांची पाने तर काठ वळलेल्या परातींएवढी असतात. बहुतेक प्रवासी एवढे पाहून संतुष्ट होतात. परंतु या बेटाची खरी ओळख करून घ्यावयाची असेल, तर राजधानी पोर्ट लुईच्या बंदरातील काही दगडी पायऱ्यांपाशी गेले पाहिजे.

या स्थळास आप्रवासी घाट म्हणतात. पायऱ्यांवर नक्षी नाही, शिलालेख नाही. १८३५ साली येथील गुलामगिरी कायद्याने बंद झाली. मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे होते. ते त्यांनी १८३४ पासूनच हिंदुस्थानातून करारावर आणविण्यास आरंभ केला होता. १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे या बेटावर आली. कलकत्ता, मद्रास, मुंबई या बंदरांतून निघालेले हे लोक डोक्यावर गाठोडे घेऊन या पायऱ्या चढत. वर गेल्यावर त्यांची नोंद होई, प्रत्येकास एक क्रमांक मिळे आणि मग मळ्याची वाट धरावी लागे. जमीन खडकाळ होती. मजुरांनी हातांनी वेचून रचलेल्या काळ्या दगडांच्या राशी आजही उसाच्या शेतांत उभ्या आहेत. त्यांचे छायाचित्र मात्र क्वचितच कोणी घेतो. घाटावरील मूळ इमारतींचा बराचसा भाग नष्ट झाला. जे उरले, त्यास २००६ साली जागतिक वारशाचा मान मिळाला.

नैर्ऋत्येस समुद्रात घुसलेल्या भूशिरावर ल मॉर्न हा ५५६ मीटर उंचीचा डोंगर आहे. मळ्यांतून पळालेले गुलाम त्याच्या कड्याकपारींत लपून राहत. असे सांगतात की, गुलामगिरी संपल्याची वार्ता घेऊन शिपाई डोंगर चढू लागले, तेव्हा ते आपणांस धरावयासच येत आहेत, असे समजून कित्येकांनी कड्यावरून उड्या टाकल्या. २००८ साली या डोंगराचीही जागतिक वारशात गणना झाली.

बेटाच्या अंतर्भागात, विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखात, गंगा तलाव आहे. महाशिवरात्रीस हजारो यात्रेकरू खांद्यावर कावड घेऊन तेथे पायी जातात. मजुरांत मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही गणेशचतुर्थीस घरोघरी मूर्ती बसवितात. त्या सणानिमित्त साऱ्या देशास सुट्टी असते.