मोटारीचा सौदा एक नसतो, चार असतात
किंमत, विमा, कर्ज आणि जुनी गाडी : शोरूमची पायरी चढण्यापूर्वी मांडावयाचे हिशेब

गोव्यात मोटार ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्यातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे मोटार असल्याचे आढळले आणि हे प्रमाण देशात सर्वाधिक ठरले. सायंकाळनंतर बसगाड्या विरळ होणाऱ्या गावांत तर मोटार ही गरजच झाली आहे. बहुसंख्य घरांसाठी घरानंतरची ही सर्वांत मोठी खरेदी असते. तरीही जागा घेताना वर्षभर चौकशी करणारी माणसे मोटारीचा निर्णय अनेकदा एका दुपारी उरकतात आणि पुढील पाच-सात वर्षे त्याचे हप्ते भरत राहतात.

शोरूममध्ये ग्राहक स्थिरावला की विक्रेत्याचा प्रश्न ठरलेला असतो : ‘महिन्याला किती हप्ता परवडेल?’ प्रश्न आपुलकीचा वाटतो, पण त्याचे उत्तर देताच गाडीची किंमत, विमा, कर्जाचा दर आणि जुन्या गाडीचा भाव हे चारही आकडे एका हप्त्यात विरघळून जातात. मग किमतीत दिलेली सवलत विम्यातून वसूल करता येते आणि जुन्या गाडीला दिलेला चढा भाव व्याजातून परत घेता येतो. ग्राहकाला दिसतो तो केवळ परवडणारा हप्ता. म्हणूनच हे चार स्वतंत्र सौदे आहेत असे मानून प्रत्येकाचा आकडा वेगळा ठरवावा.

पहिला सौदा : गाडीची किंमत

‘एक्स-शोरूम’ किंमत कंपनी ठरवते आणि तीत वस्तू व सेवा कर समाविष्ट असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या लहान मोटारींवर (पेट्रोल १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत) १८ टक्के, मोठ्या मोटारींवर ४० टक्के, तर विजेवरील मोटारींवर ५ टक्के असे कराचे दर आहेत. या किमतीवर रस्ता कर, नोंदणी शुल्क, विमा, फास्टॅग आणि इतर बाबी चढल्या की ‘ऑन-रोड’ किंमत तयार होते. घासाघीस करावयाची ती या दोन आकड्यांच्या मधल्या प्रदेशात.

रस्ता कर आणि नोंदणी शुल्क सरकारी असतात, त्यात सवलत नसते. मात्र त्यांची पावती मागून घ्यावी आणि पावतीवरील रकमा कोटेशनशी ताडून पाहाव्यात. ‘हाताळणी’, ‘लॉजिस्टिक्स’ किंवा ‘कागदपत्रे’ अशा नावांनी लावलेल्या रकमा कोणत्या सरकारी नियमाखाली येतात, हे लेखी विचारावे. असा नियम दाखवता येत नसेल तर ती रक्कम कोटेशनमधून काढावयास सांगावी. सीटकव्हर, मॅट, रंगावरील लेप, वाढीव हमी यांपैकी आपल्याला हवे तेवढेच घ्यावे. बाहेरच्या बाजारात त्यांचे दर काय आहेत, याची चौकशी एका दिवसात होते.

विक्रेत्याकडे सवलतीचे दोन झरे असतात : कंपनीने त्या महिन्यासाठी जाहीर केलेली योजना आणि त्याचा स्वतःचा नफा. पहिली सर्व विक्रेत्यांकडे जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो दुसऱ्यात. त्यासाठी एकाच कंपनीच्या किमान दोन विक्रेत्यांकडून, एकाच मॉडेलचे व प्रकाराचे, बाबनिहाय लेखी कोटेशन घ्यावे. तोंडी आकड्यांची तुलना होत नाही. सवलत ‘अमुक हजारांच्या ॲक्सेसरीज मोफत’ अशी न घेता बिलावर किंमत कमी करून मागावी, कारण मोफत वस्तूंची किंमतही विक्रेताच ठरवत असतो.

वेळेलाही महत्त्व आहे. चतुर्थी आणि दसऱ्याला गाडी दारी यावी असे सर्वांनाच वाटते. मागणी तेव्हाच चढते आणि विक्रेत्याला वाकण्याचे कारण उरत नाही. त्या दोन सणांमधील पितृपक्षात, महिनाअखेरीस किंवा तिमाहीचे लक्ष्य गाठण्याची घाई असताना त्याच शोरूममध्ये वेगळे उत्तर मिळू शकते. पितृपक्षात सौदा लेखी ठरवून गाडी घटस्थापनेनंतर घरी आणण्यात कोणतीच अडचण नसते. डिसेंबरमध्ये मिळणारी मोठी सवलत मात्र तोलून घ्यावी. निर्मितीचा महिना व वर्ष नोंदणी पुस्तिकेत नमूद होतात, त्यामुळे जानेवारीत रस्त्यावर आलेली गाडीही आदल्या वर्षाचीच ठरते आणि पुढे विकताना तिचा भाव त्याप्रमाणे उतरतो. दहा वर्षे गाडी वापरणाऱ्याला हे चालेल. चार वर्षांत बदलणाऱ्याने सवलत त्या मानाने मोठी मागावी. ज्या मॉडेलसाठी महिनोन् महिने प्रतीक्षा आहे, त्यावर किमतीत फारसे सुटणार नाही. तेथे विमा आणि कर्ज यांकडेच लक्ष वळवावे.

सीमाभागातील वाचकांसाठी एक सूचना. गोव्यातील माणूस बेळगाव, कोल्हापूर किंवा सिंधुदुर्गात स्वस्त कोटेशन मिळाले म्हणून जातो, तर कधी तिकडचा इकडे येतो. रस्ता कर गाडी कोठे घेतली यावर नव्हे, कोठे नोंदवली यावर ठरतो. एका राज्यात नोंदवलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास तेथे नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि तेथील कर भरावा लागतो. त्यामुळे परराज्यातील कोटेशनची तुलना, गाडी ज्या राज्यात वापरणार तेथील कर धरूनच करावी.

दहा लाखांपेक्षा अधिक किमतीच्या गाडीवर विक्रेता १ टक्का आयकर जागेवरच गोळा करतो. हा खर्च नव्हे. विवरणपत्र भरताना ही रक्कम देय करातून वजा होते किंवा परत मिळते. त्यासाठी बिलावरील पॅन क्रमांक अचूक असणे आवश्यक आहे.

दुसरा सौदा : विमा

नव्या मोटारीसाठी तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा बंधनकारक आहे. त्याचा हप्ता केंद्र सरकार अधिसूचित करते, म्हणून तो सर्व कंपन्यांकडे सारखाच असतो. फरक असतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात. हा भाग एक वर्षासाठी घेता येतो आणि विक्रेत्याने सुचवलेल्याच कंपनीकडून घेण्याचे बंधन ग्राहकावर नसते. विक्रेत्याला या विक्रीवर मोबदला मिळतो, म्हणून शोरूमच्या कोटेशनमध्ये हा आकडा अनेकदा फुगलेला असतो. दोन विमा कंपन्यांचे दर आधी हाती असतील तर विक्रेता बहुधा स्वतःच खाली येतो.

तुलना करताना केवळ हप्ता पाहू नये. गाडीचे विमामूल्य कमी दाखवून हप्ता कमी करता येतो, पण गाडी चोरीला गेली वा पूर्ण निकामी झाली तर भरपाईही तेवढीच कमी मिळते. झीज वजा न करणारे संरक्षण पहिल्या काही वर्षांत उपयोगी पडते. आपल्याकडच्या पावसात सखल रस्त्यांवर साचणारे पाणी लक्षात घेता इंजिन संरक्षणाचाही विचार करावा. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात इंजिनात पाणी शिरले, तर ते नुकसान साध्या पॉलिसीत सहसा नाकारले जाते.

तिसरा सौदा : कर्ज

कर्जाची चौकशी शोरूमला जाण्यापूर्वी करावी, नंतर नव्हे. ज्या बँकेत पगार वा ठेवी आहेत तेथून तत्त्वतः मंजुरी घेऊन गेलेला ग्राहक वेगळ्या सुरात बोलतो. शोरूममध्ये बसलेला बँकेचा प्रतिनिधी चांगला दर देणारच नाही असे नाही. पण त्याला हरवावयाचा आकडा आपल्या खिशात असला पाहिजे. त्याआधी आपला पतअहवाल पाहावा. देशातील चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. त्यातील गुणांक ३०० ते ९०० या पट्ट्यात असतो. फिटलेले कर्ज अद्याप थकीत दिसत असेल, तर ते दुरुस्त करून घेण्यास वेळ लागतो.

आता हप्त्याच्या प्रश्नाकडे येऊ. ८ लाख रुपयांचे कर्ज, ९ टक्के घटत्या शिलकीवरील व्याज असे धरू. पाच वर्षांसाठी हप्ता येतो सुमारे १६,६०७ रुपये आणि एकूण व्याज सुमारे १ लाख ९६ हजार. तेच कर्ज सात वर्षांवर नेले की हप्ता १२,८७१ वर उतरतो, परंतु व्याज २ लाख ८१ हजारांवर जाते. महिन्याला ३,७०० रुपयांचा दिलासा मिळतो, त्याची किंमत सुमारे ८५ हजार रुपये. आणखी एक गोष्ट हप्त्यात दिसत नाही. सात वर्षांच्या कर्जात तीन वर्षे नियमित हप्ते भरल्यानंतरही सुमारे ५ लाख १७ हजार मुद्दल शिल्लक असते. पाच वर्षांच्या कर्जात ते ३ लाख ६४ हजारांच्या आसपास असते. नोकरी गेली, पर्यटनाचा हंगाम बुडाला किंवा घरात आजारपण आले आणि गाडी विकावी लागली, तर पहिल्या कुटुंबाला विक्रीतून आलेल्या पैशात कर्ज फेडणेही कठीण जाऊ शकते.

व्याज ‘फ्लॅट’ दराने सांगितले जात असेल तर सावध व्हावे. ८ लाखांवर पाच वर्षांसाठी ६ टक्के फ्लॅट म्हणजे २ लाख ४० हजार व्याज आणि १७,३३३ रुपयांचा हप्ता. घटत्या शिलकीच्या भाषेत हा दर ११ टक्क्यांच्या किंचित खाली जातो. म्हणजे ६ टक्क्यांचे हे कर्ज वरील ९ टक्क्यांच्या कर्जापेक्षा महाग पडते. कमी दर आणि सवलत यांपैकी एक निवडावयाचे असेल तेव्हाही आकडेमोडच करावी. ८ लाखांच्या याच कर्जावर अर्धा टक्का कमी दर पाच वर्षांत सुमारे ११,६०० रुपये वाचवतो. त्यासाठी २५ हजारांची रोख सवलत सोडावी लागत असेल, तर तो तोट्याचा व्यवहार आहे.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका, सहकारी बँका आणि वित्त कंपन्यांनी कर्जदाराला मुख्य तथ्यांचे एकत्रित पत्रक देणे आवश्यक आहे. त्यात प्रक्रिया शुल्कासह सर्व खर्च धरून निघणारा वार्षिक दर असतो. दोन संस्थांची तुलना करावयाची ती याच दराने. कर्जाबरोबर जीवन विमा गळ्यात मारला जात असेल तर तोही येथे उघडा पडतो. सहकार निबंधकांच्या अखत्यारीतील पतसंस्थांना हा नियम लागू नाही. तेथे सर्व शुल्कांची लेखी यादी स्वतः मागावी.

मुदतपूर्व फेडीचाही आधीच विचार करावा. १ जानेवारी २०२६ किंवा त्यानंतर मंजूर झालेल्या, व्यक्तीने व्यवसायेतर कारणासाठी घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जावर मुदतपूर्व फेडीचे शुल्क घेता येत नाही. परंतु अनेक वाहनकर्जे स्थिर दराची असतात आणि त्यांना हे संरक्षण नाही. बोनस आला की कर्ज फेडू, असा बेत असणाऱ्याने हे कलम करारात आधी शोधावे.

चौथा सौदा : जुनी गाडी

जुन्या गाडीचा भाव बाहेर दोन ठिकाणी विचारून मगच शोरूममध्ये तिचा विषय काढावा, आणि तोही नव्या गाडीची किंमत लेखी ठरल्यावर. ‘एक्स्चेंज बोनस’ आणि गाडीचा भाव हे दोन वेगळे आकडे लिहून घ्यावेत. बोनस मोठा आणि भाव पडेल, असा प्रकार त्यामुळे लगेच दिसतो.

येथे खरा धोका भावापेक्षा मोठा आहे. गाडी दिली, पण नोंदणी पुस्तिकेवरील नाव तसेच राहिले, तर कायद्याच्या दृष्टीने मालक आपणच राहतो. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या नवीन कुमार प्रकरणात स्पष्ट केले आहे. म्हणून गाडी ताब्यात दिल्याची तारीख व वेळ नमूद असलेली पावती घ्यावी आणि वाहतूक खात्यात नावबदल झाल्याची खात्री होईपर्यंत पाठपुरावा सोडू नये.

सही करण्यापूर्वी

कोऱ्या अर्जांवर आणि कोऱ्या धनादेशांवर सही करू नये. एका व्यवहारात दोन लाख वा अधिक रक्कम रोखीने देता येत नाही; रक्कम शक्यतो बँकेमार्फत द्यावी. नोंदणीचा रद्द होणारा सौदा, आगाऊ रक्कम परत मिळण्याची अट आणि गाडी देण्याची तारीख पावतीवरच लिहून घ्यावी. नोंदणी होण्यापूर्वी गाडी दिवसाउजेडी पाहावी : चॅसिस क्रमांक बिलाशी जुळतो का, किलोमीटर किती झाले आहेत, रंगात फरक आहे का. टायरवरील चार आकडी खूण त्याच्या निर्मितीचा आठवडा व वर्ष सांगते. नोंदणीनंतर सापडलेला दोष दुरुस्त होतो, पण गाडी सहसा बदलून मिळत नाही. आणि कर्ज संपल्यावर बँकेचे ना-हरकत पत्र व नमुना ३५ देऊन नोंदणी पुस्तिकेवरील बँकेचा बोजा उतरवून घ्यावा. हे राहिले, तर गाडी विकताना आठवते, आणि तेव्हा बँकेची ती शाखा शोधावी लागते.

हे सारे करण्यासाठी फार तर दोन आठवडे लागतात. वरील उदाहरणात केवळ मुदत नीट निवडण्याचा फायदाच ८५ हजारांचा आहे. तेव्हा ‘हप्ता किती परवडेल?’ असे विचारले जाईल, त्या वेळी ‘आधी गाडीची किंमत लिहून द्या’ हे उत्तर तयार असू द्यावे. हप्त्याचे गणित आपण घरी करू शकतो.