रोयणीवरचं पीक

आमच्या सावंतवाडीच्या पट्ट्यात अळंबीचा हिशेब नक्षत्रांवर चालतो. मृगाच्या पहिल्या सरींनंतर तिन्हीसांजेला दिव्याभोवती पंख फुटलेल्या वाळवीची गर्दी होते. आर्द्रात मोडून पडलेल्या आंब्याफणसाच्या ओंडक्यांवर पांढरट, करड्या टोप्या दिसायला लागतात. आणि जिच्यासाठी माणसं उजाडायच्या आत रानात शिरतात, ती रोयणीवरची अळंबी येते पुनर्वसू-पुष्यात, म्हणजे तरण्या आणि म्हाताऱ्या पावसात. रोयण म्हणजे वारूळ. आम्ही तिला रोयणीवरची अळंबी म्हणतो, पलीकडे गोव्यात ती 'रोयणीचीं अळमीं' असते, तिकडे विदर्भात लोक टेकोडे आणि सात्या शोधायला निघतात. पाऊस तोच, वारूळही तेच.

मी माध्यमिक शाळेत जीवशास्त्र शिकवलं. पण रानातली अळंबी ओळखायला शिकले ती माझ्या चुलतसासूकडून. सगळी वाडी त्यांना काकी म्हणे. काकी शाळेत गेल्या नव्हत्या. रानात शिरल्यावर त्या बोलत कमी आणि थांबत जास्त. त्यांच्या सूचना दोनच असायच्या. एक, "येगळी दिसली तर हात लावू नको." आणि दुसरी, "कळे घे, फुललली रवांदेत." पहिलीचं कारण लहान मूलही सांगेल. दुसरीचं कारण मला फार पुढे, पुस्तकं वाचताना उमगलं, आणि हा लेख मी मुख्यतः त्या कारणासाठी लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. आपण खुडतो ते बुरशीचं फळ. खरी बुरशी म्हणजे मातीत किंवा लाकडात पसरलेलं बारीक पांढऱ्या तंतूंचं जाळं. ते वर्षभर तिथेच असतं, आपल्याला दिसत नाही इतकंच. हवा, ओल आणि उष्णता जमून आली की ते बीजाणू पसरवण्यासाठी फळ वर काढतं. हे जाळं पोट कशावर भरतं, त्यावर अळंबी कुठे आणि कधी सापडेल हे ठरतं. काही बुरश्या मेलेलं लाकूड कुजवून जगतात. धिंगरीचे रानटी भाऊबंद आणि ओंडक्यांवर लागणारी, कानाच्या पाळीसारखी मऊ, तपकिरी बुरशी या त्यातल्या. काही जिवंत झाडांच्या मुळांशी सोयरीक करतात. बस्तरमध्ये सालाच्या झाडांखाली पहिल्या पावसात जमीन उकरून 'बोडा' काढतात तो या जातीचा, आणि जगदलपूरच्या बाजारात सुरुवातीला त्याचा भाव ऐकून माणूस दचकतो. रोयणीवरची अळंबी या दोन्हींत बसत नाही. तिची शेती होते, आणि ती शेती माणूस करत नाही. वाळवी करते.

वारुळाच्या पोटात वाळवीचे कामकरी सुकलेली पानं, काटक्या, गवत आणून खातात. लाकडातला कठीण भाग त्यांना नीट पचत नाही. अर्धवट पचलेल्या विष्ठेचे गोळे रचून ते स्पंजासारखा सच्छिद्र साचा उभा करतात. पानाकाट्यांबरोबर पोटात गेलेले बुरशीचे बीजाणू या साच्यात रुजतात, आणि वाळवीला न पचलेलं लाकूड बुरशी पचवते. साच्यावर बारीक पांढरे मणी धरतात ते वाळवी खाते. जुना झालेला साचाही खाते. खालून खाल्लं जातं आणि वरून नवं रचलं जातं, असं ते चालूच राहतं. आत अंधार, दमट हवा आणि जवळजवळ स्थिर तापमान असतं. परक्या बुरश्या आत शिरल्या तर वाळवी त्या काढून टाकते. ही भागीदारी आफ्रिकेत सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली असं जनुकांच्या अभ्यासावरून मानतात. माणसाची शेती फार तर दहाबारा हजार वर्षांची.

या बुरशीला शास्त्रात टर्मिटोमायसिस म्हणतात. फ्रेंच बुरशीशास्त्रज्ञ रॉजे हाइम यांनी १९४२ साली ही प्रजाती मांडली. १९७९ साली भारतातून नोंदल्या गेलेल्या एका जातीला त्यांचंच नाव दिलं आहे, टर्मिटोमायसिस हाइमी. आफ्रिकेतल्या झांबियात हिचं एक भावंड आहे, त्याची टोपी १ मीटरपर्यंत रुंद होते. आमच्याकडची एवढी दांडगी नसते. पण तिचा देठ फसवा असतो. वर चार बोटं दिसतो, आणि हलक्या हाताने माती सारत गेलं की तो खाली, आणखी खाली, मुळासारखा निमुळता होत थेट वारुळातल्या त्या साच्यापर्यंत पोचलेला असतो. टोपीच्या मध्यावर एक कडक टोक असतं. घट्ट मातीतून वर येताना ते वाट काढतं. काकी देठ कधी उपटत नसत. जमिनीलगत धरून किंचित पिळा देत आणि काढून घेत. उपटलं की खालचा साचा हलतो, भोक पडतं, आत पाणी जातं.

आता दुसऱ्या सूचनेकडे येते. मृगात उडालेल्या त्या पंखवाल्या वाळवीतून एखादी जोडी पंख गाळून जमिनीत शिरते आणि नवं घर मांडते. बहुतेक जातींत ही जोडी बुरशी बरोबर नेत नाही. काही आठवड्यांनी पहिले कामकरी तयार होऊन बाहेर पडतात आणि चाऱ्याबरोबर पानांवर पडलेले बीजाणू घरी आणतात. ते मिळाले तर नव्या घरात शेती सुरू होते. नाही मिळाले तर ती वसाहत मरते. बीजाणू येतात कुठून? फुललेल्या छत्रीच्या खालच्या पात्यांतून. त्याच सुमाराला, त्याच रानात, त्याच पावसात. सगळे कळे आणि सगळ्या छत्र्या खुडून नेल्या तर पुढची रोयण पेरायला कुणी उरत नाही. काकींनी हे शास्त्र वाचलं नव्हतं. त्यांच्या सासूने सांगितलं तसं त्या करत होत्या, आणि फुललेली अळंबी बाजारात तशीही कमी भावाने जाते, त्यामुळे नियम पाळणं सोपं जात होतं. कारण कुठलंही असो, नियम बरोबर होता.

रोयण आमच्याकडे नुसता मातीचा ढिगारा कधीच नव्हती. सिंधुदुर्गात आणि गोव्यात गावोगाव सातेरीची देवळं आहेत, आणि कित्येक ठिकाणी गाभाऱ्यात मूर्तीच्या जागी वारूळ पुजलं जातं. त्याला दागिने घालतात, मुखवटा लावतात. नागपंचमी श्रावणात, अळंबीच्या भरात येते. त्या दिवशी नांगर धरायचा नाही, जमीन खणायची नाही. देवराईत तर कुऱ्हाड न्यायची नाही. गोवा विद्यापीठात अनेक वर्षं टर्मिटोमायसिसवर काम केलेल्या डॉ. नंदकुमार कामत यांनी वारूळपूजा आणि ही अळंबी यांचा संबंध आवर्जून मांडला आहे. मला तो पटतो. पोट भरणाऱ्या जागेला देव मानणं ही आमच्या पूर्वजांची सरळ समजूत होती.

वीज कडाडली की अळंबी येते, हेही इकडे सगळे मानतात. रानात याची खात्री करणं कठीण आहे, कारण विजेबरोबर पाऊसही येतो. पण जपानमधल्या इवाते विद्यापीठात शिताके अळंबी लावलेल्या ओंडक्यांना क्षणभर उच्च दाबाची वीज दिली, तेव्हा उत्पन्न वाढलेलं दिसलं. वाडीतल्या म्हाताऱ्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना त्यात नवल असं काही वाटलं नाही.

विषाबद्दल मात्र मी अगदी कठोर आहे, कारण याबाबत घरोघरी चुकीच्या परीक्षा चालतात. चांदीचं नाणं घालून शिजवायचं आणि ते काळं पडतं का बघायचं. लसूण किंवा तांदूळ घालून रंग बदलतो का बघायचं. किड्यांनी, गोगलगायींनी खाल्ली असेल तर चांगली समजायची. यातली एकही परीक्षा खरी नाही. जगातल्या सर्वांत जीवघेण्या अळंब्या ॲमानिटा या प्रजातीतल्या आहेत. त्या चांदी काळी करत नाहीत, चवीला वाईट लागत नाहीत, आणि उकळल्यावर त्यांचं विष जात नाही. खाल्ल्यावर सहा ते बारा तास, कधी त्याहूनही जास्त वेळ, काही होत नाही. मग उलट्या आणि जुलाब सुरू होतात. दुसऱ्या दिवशी बरं वाटतं, माणूस उठून बसतो, आणि त्याच वेळी आत यकृताच्या पेशींचं प्रथिनं बनवण्याचं काम थांबलेलं असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी यकृत कोलमडतं. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानअळंबी खाऊन १३ जण गेले. त्यांत बहुतेक चहाच्या मळ्यांतली माणसं होती. त्यांनीही ओळखीची समजूनच खुडली असणार.

शहरातल्या वाचकांना दुसरा धोका जवळचा आहे. बंगल्याच्या हिरवळीवर, मैदानात पावसाळ्यात मोठ्या पांढऱ्या, वर तपकिरी खवले असलेल्या छत्र्या येतात. दिसायला देखण्या. त्यांच्या बीजाणूंचा रंग हिरवट असतो, आणि खाल्ल्यावर काही तासांत ओकाऱ्यांनी माणूस हैराण होतो. बीजाणूंचा रंग बघायचा असेल तर टोपी देठापासून तोडून, पाती खाली करून, कागदावर ठेवावी आणि वर वाटी पालथी घालावी. सकाळी कागदावर ठसा मिळतो. रोयणीवरच्या अळंबीचा ठसा गुलाबीसर पडतो. पण नुसता गुलाबी ठसा पुरेसा नाही. देठाच्या बुडाशी पिशवी किंवा वाटी आहे का, हे माती सारून बघावंच लागतं. ॲमानिटाची ती मोठी खूण असते आणि जमिनीत दडलेली असते. वरून खुडणाऱ्याला ती दिसतच नाही. सगळ्या खुणा जमल्या तरी मी एवढंच म्हणेन: ज्या रोयणीवरून त्या घरानं वर्षानुवर्षं खाल्ली आहे, तिथली, त्या माणसाच्या हातची खावी. फोटो बघून, ॲपवर ओळखून कुणी खाऊ नये. आणि खाल्ल्यावर त्रास झालाच तर बरं वाटण्याची वाट न बघता दवाखाना गाठावा, उरलेली कच्ची अळंबी बरोबर न्यावी.

बाजारात ती पानांत बांधलेल्या पुड्यांनी येते. म्हापशात, पणजीत, महामार्गाच्या कडेला बायका ओळीने बसतात. नगावर भाव ठरतो, आणि श्रावणात मासे-मटण बंद असलेल्या घरांमुळे तो चढत जातो. घरी आणल्यावर त्याच दिवशी करावी, दुसऱ्या दिवशी ती काळवंडते. माती खरवडून, तीनचार पाणी बदलून धुवायची. कांदा परतून त्यात टाकली की स्वतःचं पाणी सोडते, त्यातच शिजू द्यायची. मग भाजलेल्या कांदाखोबऱ्याचं वाटप, दोन आमसुलं, मीठ. शिजताना जो वास येतो तो मटणाला नाही, माशाला नाही. तांदळाची भाकरी हवी. कळे चावताना किंचित करकरतात, तेवढंच शिजवायचं.

काकी गेल्या. त्यांच्या रोयणींपैकी काही आता नाहीत. काजूच्या बागा लावताना यंत्राने जमीन सपाट होते. दोडामार्गाकडे रबर आलं. चिरेखाणींसाठी वरची माती खरवडली जाते. बागेत वाळवी दिसली की औषध ओततात, आणि उभ्या झाडाला वाळवी मारते आहे की ती फक्त वाळलेली साल खाते आहे, हे कुणी थांबून बघत नाही. एक रोयण फोडायला यंत्राला चार मिनिटं पुरतात. मी आता ज्यांच्या ज्यांच्या जमिनीत जाते त्यांना सांगते, कुंपण एक हात सरकवा, रोयण आत राहू द्या, तुम्हालाच दर पावसात भाजी मिळेल. निम्मे ऐकतात.

मघा नक्षत्रानंतर रोयणीवरची अळंबी विरळ होते. उशिराच्या पावसात कधी तांदळाएवढ्या बारीक, पांढऱ्या अळंब्यांचा सडा पडलेला दिसतो. वाळवी जुन्या साच्याचे तुकडे वर आणून टाकते, त्यावर त्या उगवतात. हस्ताचा पाऊस सरला की रान मिटतं. मग ज्यांना अळंबी हवीच असेल त्यांनी धिंगरी लावावी. भाताचा पेंढा रात्रभर भिजत घालायचा, गरम पाण्यात निर्जंतुक करायचा, निथळून थरांवर बी टाकत पिशव्या भरायच्या आणि पंधरावीस दिवस अंधारात ठेवायच्या. पेंढा पांढरा झाला की पिशवी फाडून पाणी फवारत राहायचं. आठवडाभरात पहिला तोडा मिळतो. टर्मिटोमायसिसचं जाळंही प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढतं, पण वाळवीवाचून तिला बाजारापुरतं फळ आणणं अजून जमलेलं नाही. आमच्या सुनेने पडवीत धिंगरीच्या पिशव्या टांगल्या आहेत. चव वेगळी, वास जवळजवळ नाही, पण जानेवारीत मिळते आणि वाटप तेच लागतं.