मृत्यूची व्याख्या : लक्षण आणि निर्णय

मृत्यू अटळ आहे याविषयी मतभेद नाही. तो नेमका केव्हा घडतो याविषयी मात्र आहे. मराठीत माणसाचा प्राण ‘जातो’ आणि अखेरीस उरते ती ‘धुगधुगी’. श्वास व हृदय थांबले की जीवन संपले, हे या शब्दप्रयोगांमागील गृहीत होय. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात मरण हा एक क्षण नसून क्रम आहे : वाणी मनात, मन प्राणात, प्राण तेजात आणि तेज परम देवतेत लीन होते. हा लय पूर्ण होईपर्यंत मरणोन्मुख पुरुष भोवतीच्या आप्तांना ओळखतो. येथे श्वासाइतकेच महत्त्व ओळखीला आहे.

कृत्रिम श्वसनयंत्राने हे दोन निकष परस्परांपासून वेगळे केले. मेंदूचे कार्य कायमचे थांबले तरी यंत्राच्या आधारे छाती हलते आणि हृदय चालू राहते. 1959 मध्ये पॅरिसच्या मोलारे व गुलों या वैद्यांनी या अवस्थेचे वर्णन केले. 1968 मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीने तिला मृत्यूचा निकष मानावे, असे सुचविले. त्यासाठी दिलेली कारणे दोन : रुग्ण, आप्त व रुग्णालये यांच्यावरील भार, आणि प्रत्यारोपणासाठी अवयव मिळविण्यातील वाद. म्हणजेच ही व्याख्या केवळ निरीक्षणातून नव्हे, तर गरजेतूनही आली.

त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयाचे प्रत्यारोपण केले. भारतीय कायद्यात तेव्हा मस्तिष्कमृत्यूला स्थान नव्हते. 1969 च्या जन्ममृत्यू नोंदणी अधिनियमाने जीवनाच्या सर्व खुणांचा कायमचा लोप म्हणजे मृत्यू, असे म्हटले. 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियमाने मस्तिष्कस्तंभाच्या, म्हणजे श्वसन व जागृती यांचे नियमन करणाऱ्या भागाच्या, मृत्यूसही मान्यता दिली. परंतु तो अधिनियम प्रत्यारोपणाविषयीचा आहे. त्यामुळे अवयवदानास संमती नसेल, तेव्हा त्याच अवस्थेतील देह मृत मानावा की जिवंत, हा पेच उरतो. 2020 मध्ये केरळ शासनाने तो मार्गदर्शक सूचनांद्वारे सोडविण्याचा प्रयत्न केला.

हा पेच प्रत्यक्षात पडतो तो आप्तांना. देह उबदार असतो, छाती हलत असते; त्यांच्या भाषेत ती धुगधुगीच असते, आणि वैद्य मात्र मृत्यू सांगतो. लक्षणे वैद्यक सांगू शकते. त्यांपैकी कोणते निर्णायक मानावयाचे, हा प्रश्न मूल्यांचा आहे.