बक्षिसाच्या आदल्या रात्री

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला २०१४ मध्ये व्हेनिसला दोन पुरस्कार मिळाले, हे वाचकांना ठाऊक आहेच. त्याच सुमारास मुंबईत काय चाललं होतं, ते मात्र फारसं बोललं जात नाही. मामीच्या मुंबई चित्रपट महोत्सवाचा मुख्य प्रायोजक बाजूला झाला होता. यंदा महोत्सव होत नाही, असं लोक एकमेकांना फोन करून सांगत होते. मग थेट लोकवर्गणीचं आवाहन झालं. उद्योगपतींनी दिले, नट-दिग्दर्शकांनी दिले, आपापल्या ऐपतीप्रमाणे साध्या रसिकांनीही पैसे घातले आणि ऑक्टोबरात महोत्सव उभा राहिला. त्या वर्गणीच्या महोत्सवात आंतरराष्ट्रीय स्पर्धेचं पहिलं बक्षीस कुणाला मिळालं? ‘कोर्ट’लाच.

आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना ‘कोर्ट’ जवळचा वाटतो तो वीरा साथीदार यांच्यामुळे. नागपूरचा हा कार्यकर्ता, ‘विद्रोही’चा संपादक. नटाचा धंदा त्यानं कधी केलेला नव्हता. ताम्हाण्यांना नटांचे सराईत चेहरे नकोच होते, म्हणून निवडचाचण्या महिनोन्‌महिने चालल्या. त्याच शोधात त्यांना उषा बाणे भेटल्या. चित्रपटात गटारात उतरून मेलेल्या सफाई कामगाराची विधवा न्यायालयात साक्ष देते, ती भूमिका त्यांची. समीक्षकांनी त्या साक्षीतल्या कोरड्या, सपाट आवाजाचं जगभर कौतुक केलं. तो आवाज कुठल्याही अभिनयवर्गात शिकवलेला नव्हता. उषाबाईंचा नवराही मॅनहोलमध्ये उतरणारा कामगारच होता, आणि तोही गेलेला होता.

आशियाई सिनेमाच्या मोठ्या विजयांच्या मागं असंच काहीतरी सापडतं. एखादा योगायोग, एखादा हट्टी माणूस, आणि अगदी थोडक्यात टळलेलं अपयश. ‘राशोमोन’ची गोष्ट घ्या. १९५१ साली व्हेनिसचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि जपानी सिनेमाचं दार पश्चिमेला उघडलं, हे पाठ्यपुस्तकात आहे. पण ज्या दाइएई कंपनीनं तो काढला, तिला तो परदेशी पाठवण्यात काही राम वाटत नव्हता. हट्ट धरला तो जुलियाना स्त्रामिजोली या इटालियन बाईंनी. त्या जपानात इटालियन चित्रपटांचं काम बघत असत. चित्रपट स्पर्धेत गेलाय, याची अकिरा कुरोसावांना कल्पनाही नव्हती. त्या दिवसांत हातातलं काम गेल्यामुळे ते खिन्न होते. नदीवर गळ टाकायला गेले, तर दोरीही तुटली. हात हलवत घरी आले, तेव्हा बायकोनं दारातच अभिनंदन केलं. त्यांना कळेना, कशाबद्दल.

पुढच्याच वर्षी कलकत्त्यात ‘राशोमोन’ लागला आणि जाहिरात कंपनीत काम करणारा एक तरुण तो लागोपाठ तीन दिवस पाहून आला. तो तरुण सत्यजित राय. चार वर्षांनी, १९५६ मध्ये, त्यांचा ‘पथेर पांचाली’ कानला पोहोचला. महोत्सव संपत आला होता, समीक्षक थकले होते, आणि नेमक्या त्याच वेळी जपानी शिष्टमंडळानं मेजवानी ठेवली होती. बहुतेक लोक तिकडे गेले. मूठभरच खुर्च्या भरल्या. त्या मूठभरांत लिंडसे अँडरसनसारखे लोक होते म्हणून बरं. त्यांनी आरडाओरडा केला, दुसरा खेळ लावायला भाग पाडलं, आणि मग ‘सर्वोत्कृष्ट मानवी दस्तऐवज’ म्हणून राय यांचा गौरव झाला. आता मेजवानी कुणाच्या सन्मानार्थ होती, तेही सांगतो. त्या वर्षी कुरोसावांचा चित्रपट स्पर्धेत होता. जपान्यांनी ती दिली होती त्यांच्यासाठी.

परवानग्यांचे किस्से तर संपायचे नाहीत. अब्बास किआरोस्तमींचा ‘टेस्ट ऑफ चेरी’ १९९७ मध्ये कानला अगदी शेवटच्या क्षणी यादीत घुसला, कारण तेहरानहून होकार येत नव्हता. उशिरा आला आणि जपानच्या इमामुरांबरोबर सर्वोच्च पुरस्कार वाटून घेऊन गेला. झांग यिमोऊ यांचा ‘वन सेकंड’ २०१९ मध्ये बर्लिनच्या स्पर्धेत जाहीर झाला, आणि ‘तांत्रिक कारणामुळे’ ऐन महोत्सवात मागं घेतला गेला. जाफर पनाही यांच्यावर तर चित्रपट काढायलाच बंदी होती. घरात बसून त्यांनी जे चित्रित केलं, ते २०११ मध्ये केकमध्ये लपवलेल्या पेन ड्राइव्हमधून कानपर्यंत गेलं, असं सांगतात. त्याचं नाव होतं ‘धिस इज नॉट अ फिल्म’. त्याच पनाहींनी २०२५ मध्ये कानच्या मंचावर स्वतः उभं राहून सर्वोच्च पुरस्कार घेतला.

परदेशात स्थायिक झालेल्या आपल्या लोकांच्या सिनेमाला वेगळीच विघ्नं. मीरा नायर यांच्या ‘मान्सून वेडिंग’नं २००१ मध्ये व्हेनिसचा सुवर्णसिंह पटकावला. दिल्लीतलं लग्नघर, पाऊस, परदेशांतून गोळा झालेले नातेवाईक, हे सगळं पडद्यावर किती सहज वाटतं! प्रत्यक्षात चित्रित झालेल्या फिल्मचा एक मोठा गठ्ठा विमानतळावरच्या एक्स-रे यंत्रात जळून गेला होता. विम्याचे पैसे आले, मंडळी पुन्हा जमली आणि ते प्रसंग नव्यानं घेतले गेले. ज्या लग्नाला जगानं टाळ्या दिल्या, त्यातलं थोडं लग्न दुसऱ्यांदा लागलेलं होतं.

मराठीला झालेला दंश आठवायचा तर २०१७चा गोव्याचा इफ्फी आठवावा लागतो. इंडियन पॅनोरमा विभागाचा प्रारंभ रवी जाधव यांच्या ‘न्यूड’नं व्हावा, असं ज्युरीनं ठरवलं होतं. माहिती व प्रसारण मंत्रालयाची यादी आली, तेव्हा त्यात ‘न्यूड’ही नव्हता आणि मल्याळी ‘एस दुर्गा’ही नव्हता. ज्युरीचे प्रमुख सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. ‘एस दुर्गा’वाले केरळ उच्च न्यायालयात गेले, त्यांना आदेशही मिळाला, तरी खेळ झाला नाही. पुढं सेन्सॉरनं ‘न्यूड’ला एकही कट न देता प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र दिलं. म्हणजे जे महोत्सवाच्या जाणत्या प्रेक्षकाला दाखवायचं नाही असं ठरलं, तेच सहा महिन्यांत गावोगावच्या थिएटरांत लागलं. मला आजही बोचते ती गोष्ट वेगळी आहे. त्या इफ्फीचा पडदा उघडला इराणच्या माजिद माजिदींच्या, मुंबईत चित्रित झालेल्या ‘बियाँड द क्लाउड्स’नं. पाहुण्यानं सांगितलेली मुंबई आत बसली, आणि मुंबईत पोट भरायला आलेल्या मराठी बाईची कथा बाहेर राहिली.

छत्रपाल निनावे यांच्या ‘घात’चं नशीब जरा बरं. माओवादी, पोलीस आणि आदिवासी यांच्यामधल्या जंगलाची ही गोष्ट २०२१ मध्ये बर्लिनच्या पॅनोरमा विभागात निवडली गेली आणि दाखवण्याआधीच मागं घ्यावी लागली. महोत्सव सहसा अशा चित्रपटाकडे पुन्हा वळून बघत नाहीत. त्यांना ताजा माल लागतो. बर्लिननं मात्र २०२३ मध्ये तोच चित्रपट, त्याच विभागात, पुन्हा बोलावला.

मुंबईत आशियाई सिनेमासाठी वेगळं घर बांधलं ते सुधीर नांदगावकर यांनी. १९६८ साली सुरू झालेली प्रभात चित्र मंडळ ही फिल्म सोसायटी, मामीचा महोत्सव, या दोन्हींच्या उभारणीत ते होते. तरी २००२ मध्ये त्यांनी किरण शांताराम यांना बरोबर घेऊन ‘थर्ड आय’ हा केवळ आशियाई चित्रपटांचा महोत्सव सुरू केला. युरोपचे चित्रपट सगळेच दाखवतात, शेजाऱ्यांचे कोण दाखवणार, हा त्यामागचा विचार होता. आमच्यासारखे शेगाव-मलकापूरहून रात्रीची विदर्भ एक्सप्रेस पकडायचे आणि सकाळी मुंबईत उतरून पिशवीसकट रांगेत उभे राहायचे. इराण, श्रीलंका, कोरिया, व्हिएतनाम अशी गावं आम्ही त्या रांगांतून पाहिली. जानेवारी २०२३ मध्ये नांदगावकर गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात मामीच्या मोठ्या, श्रीमंत महोत्सवानं आपली मुख्य स्पर्धा बदलली. ती आता फक्त दक्षिण आशिया आणि तिथून जगभर पसरलेल्या लोकांच्या चित्रपटांसाठी होती. हा माणूस जे दोन दशकं सांगत होता, ते ऐकू आलं तेव्हा ऐकवणारा नव्हता. २०२५ मध्ये तर त्या महोत्सवानंही विश्रांती घेतली.

पडद्यामागं वावरलेल्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असते. हल्ली रिळं येत नाहीत. चित्रपट हार्ड डिस्कवर येतो, तो थिएटरच्या सर्व्हरवर चढवायला तास न्‌ तास लागतात, आणि चढला तरी कुलूपबंद असतो. त्याची किल्ली वेगळी, ई-मेलनं येणारी. ती त्याच एका यंत्रावर आणि ठरलेल्या वेळेतच चालते. एका महोत्सवात आमच्या हातात किल्ली होती, सर्व्हरचा नंबर बरोबर होता, सभागृह भरलेलं होतं, आणि चित्रपट उघडेना. देणाऱ्यानं वेळ आपल्या देशाच्या घड्याळाप्रमाणे टाकली होती. दिग्दर्शक स्वतः पाहुणा म्हणून हजर. त्यानं तिकडे झोपलेल्या निर्मात्याला फोन लावला आणि नवी किल्ली येईपर्यंत चित्रपटानंतरची प्रश्नोत्तरं आधीच उरकून घेऊ, असं सुचवलं. चित्रपट कुणी पाहिलेला नाही, मग विचारणार काय? लोकांनी त्याला त्याचं गाव विचारलं, तिकडचा पाऊस विचारला, मुलीच्या लग्नाला किती खर्च येतो ते विचारलं. चित्रपट संपल्यावर दिग्दर्शकच हातात माईक घेऊन खाली उतरला, आणि मग प्रेक्षकांना प्रश्न विचारत सुटला.

मुलीच्या लग्नावरून जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ आठवणं साहजिक आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आपल्याच डोंगरगावात, गावातलीच माणसं घेऊन त्यांनी तो केला. २०२३ मध्ये टोरांटोला आशियाई चित्रपटासाठीचा नेटपॅक पुरस्कार त्याला मिळाला. सुरुवातीलाच पोरी मुलगा बघायला बसल्या आहेत आणि त्याला वर्ण, उंची, शिक्षण विचारतायत, असा प्रसंग आहे. टोरांटोचा प्रेक्षक तिथं हसला असेल. माझ्या बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर काय आणि घाटाखाली काय, ज्या घरांत पोहे-चहाचा असा कार्यक्रम अजून दर उन्हाळ्यात होतो, त्या घरांतल्या मुलींनी हा चित्रपट सर्वांत आधी पाहायला हवा होता. तो महाराष्ट्रातल्या थिएटरांत लागला ७ मार्च २०२५ रोजी. वऱ्हाडी बोलीतली गोष्ट कॅनडाला आधी पोहोचली आणि तिच्या शेजारच्या जिल्ह्यांना दीड वर्षानं. अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं सोडून द्यावं, असं तेव्हा वाटलं.

म्हणून आम्ही काही मंडळी मिळेल ते सभागृह, मिळेल तो प्रोजेक्टर घेऊन असे चित्रपट तालुक्याच्या गावांत दाखवत आलो. लोडशेडिंगच्या काळात घाटाखालच्या एका शाळेत माजिदींचा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ लावला होता. बहिणीचे बूट हरवलेला अली, आणि दोघा भावंडांत मिळून एकच जोड. शर्यतीत तिसरं बक्षीस बुटांचं, म्हणून त्याला तिसराच नंबर हवा असतो. पोरं बाकांवर उभी राहून ‘हळू पळ, हळू पळ’ ओरडत होती. अली पहिला आला, ढसाढसा रडायला लागला, आणि जनरेटरमधलं डिझेल संपलं. अंधारात मागून एका बाईचा आवाज आला, ‘पयला नंबर आला म्हणून रडून रायला तो. त्याले तिसरा पायजे व्हता.’ मी आजवर ऐकलेलं त्या चित्रपटाचं हे सर्वांत नेमकं परीक्षण.

डिझेल काही मिळालं नाही, लोक घरी गेले. अडचण अशी की त्यानंतर काही क्षणांतच पडद्यावर बापाची सायकल दिसते आणि तिच्यावर नव्या बुटांचे दोन जोड असतात. ते गावानं पाहिलेच नव्हते. पुढं बाजाराच्या दिवशी तीच बाई भेटली आणि विचारू लागली, ‘त्या पोराले बूट भेटले का?’ तोंडी सांगणं मनाला पटेना. आम्ही डिझेलचा भरलेला कॅन घेऊन पुन्हा त्या शाळेत गेलो. शर्यतीपासून लावू म्हटलं, तर लोकांनी पहिल्यापासूनच लावायला लावला. शेवटी सायकल आली, बूट दिसले, पोरांनी शिट्ट्या मारल्या. बाई मात्र रागावल्या होत्या. ‘घेऊन ठेवले व्हते, मंग बापानं पोराले आधी काऊन नाई सांगतलं?’