एकखांबी तंबूतून व्यासपीठाकडे

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक रोखपालाकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोघेही हजर असल्याखेरीज तिजोरी उघडत नाही. सेवाकाळात या नियमाचा कधी कधी जाच वाटे. परंतु त्यामुळे जबाबदारी कधीच एकट्याच्या शिरावर नसे, हे निवृत्तीनंतर अधिक जाणवू लागले.

शाळेच्या ग्रंथपालाकडे मात्र बहुधा एकच किल्ली असते आणि तीही त्याच्याचकडे. पुस्तकांची निवड, दाखल नोंद, वर्गीकरण, देवघेव, फाटलेल्या पुस्तकांची डागडुजी आणि वाचनाची गोडी नसलेल्या मुलाच्या हाती नेमके पुस्तक देणे, ही सर्व कामे एकाच व्यक्तीची. शिक्षकांच्या खोलीत गणिताचे चार शिक्षक एकमेकांशी विचारविनिमय करतात. ग्रंथपालाला मात्र शाळेत समव्यवसायी सापडत नाही. म्हणून व्यावसायिक संघटना हे त्याचे हक्काचे घर ठरते. मग त्या घराच्या कारभारात मोठी जबाबदारी त्याने मागावी काय? की ते मान मोठ्या विद्यापीठांच्या आणि शहरांच्या ग्रंथपालांसाठीच असावेत?

या प्रश्नाचे एक बोलके उदाहरण अमेरिकेत घडले. १८७६ साली फिलाडेल्फिया येथे स्थापन झालेली ‘अमेरिकन लायब्ररी असोसिएशन’ ही तेथील ग्रंथपालांची सर्वांत मोठी संघटना. शालेय ग्रंथपालांचा स्वतंत्र विभाग तिच्यात १९५१ मध्ये झाला; तथापि सार्वजनिक आणि महाविद्यालयीन ग्रंथपालांच्या तुलनेत शालेय ग्रंथपालांची संख्या कमीच राहिली. अध्यक्ष मतदानाने निवडला जातो आणि निवडून आलेल्यास तीन वर्षे द्यावी लागतात : पहिले वर्ष नियोजित अध्यक्ष म्हणून, दुसरे अध्यक्ष म्हणून आणि तिसरे माजी अध्यक्ष म्हणून. या पदाला वेतन नाही.

२०१० च्या निवडणुकीत सारा केली जॉन्स या शालेय ग्रंथपाल उभ्या राहिल्या. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागातील लेक प्लॅसिड या लहानशा गावातील शाळेत त्या काम करीत. १९३२ आणि १९८० च्या हिवाळी ऑलिंपिकमुळे हे गाव जगाला ठाऊक आहे. दशांश वर्गीकरणाचे जनक मेल्विल ड्यूई यांनीही याच परिसरात आयुष्याचा मोठा काळ व्यतीत केला. सारा यांनी २००७-०८ मध्ये शालेय विभागाचे अध्यक्षपद सांभाळले होते. त्यांच्यासमोर होत्या मॉली राफेल; पोर्टलंड शहराला सेवा देणाऱ्या मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या माजी संचालिका. मतदारांनी राफेल यांना कौल दिला.

ही कथा येथेच संपली असती तर ‘शाळेच्या ग्रंथपालाचे ते काम नव्हे’ असा निष्कर्ष कोणी काढला असता. परंतु दोनच वर्षांनी, २०१२ मध्ये, बार्बरा स्ट्रिपलिंग त्याच पदावर निवडून आल्या. त्यांनी आर्कान्सामध्ये शालेय ग्रंथपाल म्हणून काम केले होते आणि पुढे न्यूयॉर्क शहरातील शाळांच्या ग्रंथालय सेवांची धुरा वाहिली होती. अध्यक्षपदाच्या २०१३-१४ या वर्षात ‘ग्रंथालयाच्या हक्काचा जाहीरनामा’ हा त्यांचा मुख्य उपक्रम होता. गावोगावच्या ग्रंथालयांत नागरिकांनी त्यावर स्वाक्षऱ्या केल्या. ग्रंथालय ही कृपा नसून नागरिकाचा हक्क आहे, ही त्यामागील भूमिका.

आपल्याकडेही संघटनेचे बळ सिद्ध झालेले आहे. गणिताचे अध्यापक असलेले डॉ. एस. आर. रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९२८ मध्ये मद्रास ग्रंथालय संघ उभा राहिला, त्यात त्यांचा पुढाकार होता. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, १९४८ मध्ये, मद्रासचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा अस्तित्वात आला. एकट्या ग्रंथपालाच्या अर्जाने जे होत नाही, ते संघटनेच्या चिकाटीने होते.

आज शालेय ग्रंथपालाने नेतृत्व मागण्याची निकड का आहे, हे आपल्या कायद्यातच दिसते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असलेले ग्रंथालय असावे, असे म्हटले आहे. शिक्षकांची संख्या किती, कला व शारीरिक शिक्षणाचे अर्धवेळ निदेशक कोठे, हेही तेथे नमूद आहे. ग्रंथपालाचा उल्लेख मात्र नाही. खातेवहीत खाते उघडावे, पण ते सांभाळणारा नेमू नये, तसा हा प्रकार झाला. आपल्या राज्यात पूर्णवेळ की अर्धवेळ ग्रंथपाल हे विद्यार्थीसंख्येवर ठरते आणि अर्धवेळ ग्रंथपालांचा पूर्णवेळ होण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे चर्चेत राहिला. ज्याने हे स्वतः सोसले आहे, त्यानेच तो शासनदरबारी मांडला तर त्या शब्दाला वजन येते.

अर्थात केवळ दुःख सोसले म्हणून कोणी नेता होत नाही. हिशेबाची शिस्त, सभेचे इतिवृत्त वेळेवर लिहिण्याची सवय, विरोधी मत शांतपणे ऐकण्याची तयारी आणि इतर प्रकारच्या ग्रंथालयांच्या अडचणींचा अभ्यास, हे सारे उमेदवाराला हवे. फक्त आपल्या गटाचे गाऱ्हाणे मांडणाऱ्यास सर्वांची मते मिळत नाहीत आणि मिळूही नयेत. शाळेनेही वाटा उचलला पाहिजे. ग्रंथपाल संघटनेच्या बैठकीस गेला की ग्रंथालयाला कुलूप लागत असेल, तर मुख्याध्यापकांनी एखाद्या शिक्षकाकडे दुसरी किल्ली सोपवावी.

वाचकहो, पुढच्या पालकसभेत गुणपत्रिकेबरोबर एक प्रश्न अवश्य विचारा : आपल्या शाळेत ग्रंथपाल आहेत का, आणि असल्यास त्यांची अडचण कोणी ऐकतो का? आपल्या परिचयातील एखादी ग्रंथपाल भगिनी संघटनेच्या निवडणुकीस उभी राहण्याचा विचार करीत असेल, तर ‘तुला कशाला ही उठाठेव?’ असे म्हणू नका. तिचा अर्ज भरताना सूचक शोधण्यास मदत करा. कदाचित ती पहिल्या वेळी हरेल. तरीही मतदारांनी तिचे नाव वाचलेले असेल, तिचा प्रश्न ऐकलेला असेल आणि पुढच्या खेपेस उभे राहणाऱ्याला तेवढी वाट सोपी झालेली असेल.