लेक कोकणात शिकायला निघाली : पावसाची तयारी कशी करावी?

हिंगोली जिल्ह्यातील नरसी नामदेव येथील एका घरी आम्ही जाऊन बसलो होतो. घरात आनंदाचे वातावरण होते. वडील मोंढ्यावर हमाली करतात, आई दुसऱ्याच्या शेतात निंदायला जाते, आणि त्यांच्या लेकीचा नंबर लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात अभियांत्रिकीला लागला होता. वडिलांनी आठवडी बाजारातून पातळ प्लास्टिकचा एक रेनकोट आणला होता. आई तो घडी घालून ठेवत म्हणाली, "एवढा कोट घेतला, आता लेकराला पावसाचं भेव न्हाई." मुलगी मात्र हळूच विचारू लागली, "तिकडं पाऊस किती दिस असतो हो काका?"

या प्रश्नाचे उत्तर आम्ही तिला दिले आणि सोबत एक यादीही करून दिली. आपल्या समाजातील अनेक मुले-मुली आता मराठवाड्यातून, विदर्भातून कोकणात आणि मुंबईला शिकायला जातात. त्यांच्या पालकांच्याही उपयोगी पडावी म्हणून ती येथे मांडत आहोत.

आपला पाऊस आणि तिकडचा पाऊस

हिंगोली भागात वर्षाकाठी साधारण ८०० ते ९०० मिलिमीटर पाऊस पडतो. रायगड जिल्ह्यात हाच आकडा ३,००० च्या पुढे जातो. अरबी समुद्रावरून येणारे ओले वारे सह्याद्रीला अडतात, वर चढून थंड होतात आणि पश्चिमेकडच्या बाजूलाच बहुतेक पाणी टाकून मोकळे होतात. त्यातले उरलेसुरले आपल्या वाट्याला येते.

पण फरक केवळ आकड्यांचा नाही. आपल्याकडे पावसाची सर येते, माणूस झाडाखाली नाहीतर ओसरीला उभा राहतो, थोड्या वेळाने उघडीप होते. कोकणात उघडीप होण्याची वाट पाहिली तर तासिका संपून जाते. जून ते सप्टेंबर पावसाचा जोर असतो. त्यात प्रवेशाच्या फेऱ्या होईपर्यंत जुलै-ऑगस्ट उजाडतो. म्हणजे आपले लेकरू तिथे पाय ठेवते तेच ऐन पावसात. कपडे वाळत नाहीत, जोडे फुटतात, ताप येतो आणि हजेरी बुडते. घरी फोन केला की मूल म्हणते, "सगळं ठीक आहे." घरच्या परिस्थितीची जाणीव असलेले मूल नवे जोडे मागत नाही, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

म्हणून आमचे सांगणे एवढेच की, कोकणात कोणीही भिजल्यावाचून राहत नाही. भिजून आल्यावर अंगात घालायला एक जोड कोरडा असला पाहिजे. सगळी खरेदी हे ध्यानात ठेवून करावी.

रेनकोट

आपले आजोबा पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन खुरपायला जात. कोकणातला शेतकरी बांबूच्या काड्यांचे आणि पानांचे इरले पाठीवर घेऊन भात लावत असे. दोन्हींत पाठ झाकलेली, हात मोकळे आणि हवा खेळती राही. आजच्या रेनकोटाची सुरुवात १८२३ साली झाली. चार्ल्स मॅकिंटॉश यांनी कापडाच्या दोन थरांमध्ये रबर बसवून त्याचे पेटंट घेतले. आपल्या देशात १९२० साली सुरू झालेल्या बंगाल वॉटरप्रूफचे 'डकबॅक' रेनकोट घरोघरी माहीत झाले. अशा कोटातून पाणी आत येत नाही, पण घामही बाहेर जात नाही. म्हणून बगलेखाली किंवा पाठीवर झाकलेली भोके असलेला कोट पाहावा.

कोट गळतो तो बहुधा शिलाईतून. नामदेव महाराज शिंपी कुळातले. त्यांच्या गावच्या लोकांना हे वेगळे सांगायला नको की सुई जिथून जाते तिथे भोक राहतेच. दुकानात कोट उलटा करून पाहावा. आतून शिलाईवर पट्टी चिकटवलेली असेल तरच तो घ्यावा. चेनवर झाकण हवे. कोट एक माप मोठा घ्यावा, म्हणजे आतल्या कपड्यांना जागा राहते. एकसंध लांब कोटापेक्षा जॅकेट आणि पँट असा जोड चालायला बरा. रंग भडक असावा. लोणेरे मुंबई-गोवा महामार्गालगत आहे आणि मुसळधार पावसात गाडीवाल्याला काळा कोट दिसत नाही.

छत्री, पाय आणि बॅग

घडीची छोटी छत्री दिसायला छान, पण तिकडच्या वाऱ्यात उलटी होते. लांब दांड्याची, जाड काड्यांची छत्री घ्यावी.

पायांकडे आपण सर्वांत शेवटी पाहतो, खरे तर आधी पाहावे. चामड्याचे जोडे आणि कापडी बूट पावसाळ्यात नेऊच नयेत. मागे पट्टा असलेले, तळ न घसरणारे रबरी सँडल दोन जोड असावेत. एक पायात, एक वाळत. साचलेल्या पाण्यातून जावे लागत असेल तर गमबूट घ्यावेत. अशा पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असू शकते आणि पायाला जखम असेल तर त्यातून लेप्टोचा आजार होतो. पाण्यातून चालल्यानंतर ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, तर अंगावर काढू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जावे आणि पाण्यातून चालल्याचे डॉक्टरांना सांगावे.

बॅगेला वरून आवरण घातले तरी पाठीकडून पाणी शिरते. म्हणून वह्या, मोबाइल आणि असल्यास लॅपटॉप आत वेगळ्या प्लास्टिक पिशवीत ठेवावा. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, गुणपत्रिका हे कागद तर दुहेरी पिशवीत गुंडाळून हातच्या सामानात ठेवावेत. गाडीच्या टपावर किंवा डिकीत टाकू नयेत. एक-एक दाखला काढायला किती खेटे घालावे लागतात, किती दिवसांची मजुरी बुडते, हे आपल्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक? काम झाले की मूळ कागद घरी पेटीत ठेवावेत, झेरॉक्स प्रती मुलाजवळ असाव्यात.

वाळवण्याची सोय

ही गोष्ट यादीतून हमखास सुटते. नायलॉनची दोरी, डझनभर चिमटे, दोन पातळ पंचे आणि जुनी वर्तमानपत्रे द्यावीत. ओल्या जोड्यात कागदाचे बोळे कोंबले की ओल ओढली जाते. जीन्स लवकर वाळत नाही, त्यापेक्षा टेरिकॉट बरे. आतले कपडे सुती असावेत आणि ते नेहमीपेक्षा तीन-चार जास्त द्यावेत.

मुलींच्या बाबतीत आईने मोकळेपणी बोलावे. पाळीचे कापड उन्हावाचून नीट वाळत नाही. ओलसर कापड वापरू नये. पावसाळ्यापुरते तरी पॅडचे पैसे वेगळे काढून द्यावेत.

ओल्या कपड्यांनी मांड्यांत, काखेत गजकर्ण होते. लाजेने मुले सांगत नाहीत आणि औषधाच्या दुकानातून कोणतेही मलम आणून लावतात. पुष्कळ मलमांत स्टिरॉइड असते. त्याने आठ दिवस बरे वाटते आणि मग दुखणे बळावते. डॉक्टरांना दाखवूनच औषध घ्यावे.

सगळे इथूनच घेऊ नये

इथून छत्री, बॅगेचे आवरण आणि कागदांच्या पिशव्या घ्याव्यात. बाकीचे पैसे मुलीजवळ द्यावेत. माणगाव-महाडच्या बाजारात तिकडच्या पावसाला टिकणाऱ्या वस्तू मिळतात. वसतिगृहातल्या वरच्या वर्गातील मुलींना विचारून पहिल्या आठवड्यात त्या घ्याव्यात. शिष्यवृत्ती पहिल्याच महिन्यात हाती पडेल असे धरून चालू नये.

आणखी एक. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहरात पुराचे पाणी शिरले आणि त्याच दिवशी तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. अंगात चांगला कोट आहे म्हणून पूर पाहायला जाऊ नये, पाण्याखाली गेलेला पूल ओलांडू नये, हे मुलांना बजावून सांगावे.

ज्या महाडात २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्याच मुलखात त्यांच्या नावाच्या विद्यापीठात आज हमालाची लेक इंजिनिअर व्हायला निघाली आहे. एका फुटक्या जोड्यापायी तिची हजेरी बुडू नये.

नरसीच्या त्या माउलीने आमची यादी ऐकली, बाजारातला कोट पुन्हा उलगडला आणि शिलाई पाहू लागली. आम्ही तिला एवढेच म्हणालो, "माय, फोनवर 'जेवलीस का' असं तर विचारशीलच. त्यासोबत 'कपडे वाळले का' हेही विचारत जा. लेकरू खरं काय ते सांगेल."