तुमचा बायोडेटा कुणाकुणाकडे गेलाय?

माझी मावसबहीण बंगळुरूला असते. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आठ वर्षं काम केलेलं, मग मुलगा झाल्यावर चार वर्षं घरी. गेल्या वर्षी मुलगा शाळेत रुळला आणि तिनं नोकरीच्या एका संकेतस्थळावर बायोडेटा नव्यानं टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन सुरू! दुपारपर्यंत पाच भरती एजन्सींचे फोन येऊन गेले. सगळ्यांची प्रश्नावली तीच. एकूण अनुभव किती, सध्याचा पगार किती, अपेक्षा किती, कधीपासून रुजू व्हाल? काम एका मोठ्या बँकेचं, सहा महिन्यांचं कंत्राट. बँकेचं नाव कुणी सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. चार वर्षांनी आपल्याला कुणी विचारतंय, याचाच आनंद इतका होता की तिनं पाचही जणांना 'हो, पाठवा' म्हणून टाकलं.

आठवड्यानं त्यातल्या एका मुलाचा फोन आला. "मॅडम, तुमचं प्रोफाइल डुप्लिकेट म्हणून रिजेक्ट झालं." पाचपैकी तीन एजन्सींकडे एकच काम होतं. बँकेकडे तिचं नाव तीनदा पोहोचलं, तेही तीन वेगवेगळ्या पगारांच्या आकड्यांसह. मुलाखत झालीच नाही. संध्याकाळी तिनं मला विचारलं, "ताई, माझं चुकलं काय गं? जास्त ठिकाणी प्रयत्न करावेत असंच सगळे सांगतात ना?"

कायमच्या नोकरीसाठी हा सल्ला ठीक आहे. कंत्राटी कामाचं गणित मात्र वेगळं असतं आणि ते उमेदवाराला कुणी समजावून सांगत नाही.

एक काम, पाच फोन

मोठ्या कंपनीला सहा महिन्यांसाठी माणूस हवा असतो, तेव्हा ती आपल्या यादीतल्या अनेक एजन्सींना एकाच वेळी कळवते. जिचा उमेदवार निवडला जाईल, तिच्या पेरोलवर तो लागतो. कंपनी एजन्सीला पैसे देते, एजन्सी आपला हिस्सा ठेवून उमेदवाराला पगार देते. तो माणूस काम करेल तितके महिने हा हिस्सा मिळत राहतो. म्हणून सगळी शर्यत आधी बायोडेटा कोण पाठवतो याची. ज्या लहान एजन्सी कंपनीच्या यादीत नसतात, त्या यादीतल्या एजन्सीमार्फत माणूस पाठवतात. म्हणजे वाटेत हिस्सा घेणारे दोन आणि तेच काम तुमच्यापर्यंत पाच आवाजांत पोहोचतं.

कंपनीची संगणक प्रणाली मोबाइल क्रमांक, ईमेल किंवा पॅन पाहून माणूस ओळखते. एकच माणूस दोन एजन्सींकडून आला तर काही कंपन्या ज्याचा बायोडेटा आधी आला त्याचा हक्क मानतात. काही मात्र 'तुमच्या हिश्शाच्या भांडणात आम्ही का पडू' म्हणून दोन्ही अर्ज बाजूला ठेवतात. शिवाय एकदा नाव गेलं की पुढचे काही महिने, बऱ्याच ठिकाणी सहा, त्या कंपनीत तुम्ही त्याच एजन्सीचे उमेदवार मानले जाता. त्या काळात दुसऱ्या कुणी चांगला पगार देऊ केला तरी उपयोग होत नाही.

'नाव गोपनीय आहे' म्हटलं तर?

म्हणून पहिला प्रश्न तुम्ही विचारायचा. काम कोणत्या कंपनीचं आणि कोणत्या शहरातल्या कार्यालयाचं? "क्लायंटचं नाव सांगता येत नाही" हे उत्तर हमखास येतं. रिक्रूटरचीही भीती खरी असते. नाव कळलं की उमेदवार परस्पर अर्ज करेल असं त्याला वाटतं. त्यावर मी तिला एवढंच बोलायला सांगितलं, "दुसऱ्या एजन्सीकडून माझं नाव तिथं आधीच गेलं असेल तर तुमचीच मेहनत वाया जाईल. नाव सांगा, मी तपासून लगेच कळवते." बहुतेक जण सांगतात. एवढं बोलूनही जो सांगत नाही, त्याला बायोडेटा देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

नाव कळलं, काम पटलं, की संमती लेखी द्या. या व्यवसायात तिला 'राइट टू रिप्रेझेंट' म्हणतात, पण शब्द साधे असले तरी चालतात. 'अमुक कंपनीच्या अमुक कामासाठी, महिना अमुक इतक्या पगारावर, माझा बायोडेटा तुमच्यामार्फत पाठवायला माझी संमती आहे. ही संमती फक्त या एका कामासाठी आणि 30 दिवसांपुरती आहे.' असा ईमेल पाठवायला दोन मिनिटं लागतात. काही एजन्सी स्वतःच असा मजकूर पाठवून 'आय कन्फर्म' एवढं उत्तर मागतात. घाईत उत्तर देऊ नका. त्यात एका कामापुरता हक्क मागितला आहे की त्या कंपनीतल्या 'कोणत्याही' कामाचा, हे वाचून पाहा.

आणि चुकून दोघांकडून नाव गेलंच तर? लपवू नका. लक्षात आल्याबरोबर दोघांनाही कळवा. ज्याला आधी संमती दिली त्याच्याकडे राहा आणि दुसऱ्याला नाव मागे घ्यायला लेखी सांगा. थोडी बोलणी बसतील, पण निर्णय होण्याआधी कळलं तर प्रकरण सावरू शकतं.

माझ्या बायोडेटात हे कुठून आलं?

इथं माझा स्वतःचा एक अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी मी कंत्राटी कामाच्या मुलाखतीला बसले होते. समोरच्या बाईंनी एका सॉफ्टवेअरबद्दल विचारलं. मी ते कधी उघडूनही पाहिलं नव्हतं. त्यांनी कागद माझ्याकडे वळवला. माझ्याच नावाखाली त्या सॉफ्टवेअरचा दोन वर्षांचा अनुभव छापलेला होता! एजन्सीनं परस्पर घातला होता. मी खरं सांगितलं, पण त्या बाईंच्या नजरेत खोटारडी मीच ठरले. आज इतक्या वर्षांनीही तो कागद आठवला की कान गरम होतात. तेव्हापासून मी बायोडेटा पीडीएफमध्ये देते आणि 'कंपनीला गेलेली प्रत मलाही पाठवा' असं आग्रहानं सांगते. एजन्सी आपलं बोधचिन्ह लावतात, मांडणी बदलतात, त्याला हरकत नाही. अनुभवाची वर्षं बदलली असतील तर तिथंच थांबवायचं.

आकडा कोणता आणि हातात किती

एकाच प्रकारच्या कामासाठी सगळ्या एजन्सींना एकच अपेक्षा सांगा. मावसबहिणीनं एकाला 50 हजार सांगितले, दुसऱ्यानं 'कमी मागताय' म्हटल्यावर तिसऱ्याला 65. हे तिन्ही आकडे शेवटी एकाच टेबलावर येणार, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

फोनवरचा आकडा आणि हातातला पगार यांतही अंतर असतं. समजा, 'महिना 60 हजार' ठरले आणि मूळ वेतन 30 हजार धरलं. पीएफचे 12 टक्के म्हणजे 3,600 रुपये तुमचे कापले जातात. मालकाचा वाटाही तेवढाच आणि बहुतेक एजन्सी तोही त्याच 60 हजारांत बसवतात. व्यवसाय कर वगैरे धरून हातात 52 हजारांच्या आसपास येतात. कुणी 'पीएफ नको, पूर्ण रक्कम फी म्हणून घ्या' असंही सुचवतात. रक्कम मोठी दिसते, पण मग तुम्ही कर्मचारी नसता. पीएफ नाही, पगारी रजा नाही, पगारपत्रक नाही. पुढे गृहकर्जासाठी बँकेनं पगारपत्रक मागितलं की त्याची आठवण येते.

दोन एजन्सींकडून वेगवेगळ्या कामांचे देकार आले, तर फक्त आकडा पाहू नका. पगार कोणत्या तारखेला होतो? कंपनीकडून पैसे उशिरा आले तरी होतो का? कंत्राट मध्येच संपलं तर किती दिवसांची नोटीस? पुढे कंपनीनं कायम घेतलं तर एजन्सीची आडकाठी आहे का? हे फोनवर विचारा आणि उत्तरं ईमेलवर मागा. त्या एजन्सीत सध्या काम करणाऱ्या एखाद्या माणसाशी दोन मिनिटं बोलता आलं, तर त्याहून चांगलं काही नाही.

"क्लायंटनं पैसे दिले नाहीत, म्हणून पगार थांबलाय" ही सबब मात्र ऐकून घेऊ नका. कंत्राटी कामगार कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या कामांत कंत्राटदारानं पगार दिला नाही तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. 1970 च्या कायद्यात ही तरतूद होती आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या श्रम संहितांतही आहे. नियुक्तिपत्र देणंही या संहितांनी बंधनकारक केलं आहे.

एजन्सी बदलली तरी पीएफचा 12 अंकी यूएएन तोच राहतो. तो प्रत्येक वेळी द्या, नवा काढू देऊ नका. पासबुकात दर महिन्याची नोंद पाहत राहा, कारण पगारातून कापलेले पैसे भरले की नाही ते तिथंच कळतं. काम सोडल्याची तारीख जुन्या एजन्सीनं नोंदवली नाही, तर शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाल्यावर ती पोर्टलवर स्वतः नोंदवता येते.

नोंदणी फी, लॅपटॉपची अनामत, प्रशिक्षणाचे पैसे असं काही मागितलं तर फोन ठेवून द्या. चांगली एजन्सी कंपनीकडून कमावते, उमेदवाराकडून नाही. मूळ प्रमाणपत्रं कुणाकडे ठेवायला देऊ नका आणि आधार द्यावंच लागलं तर फक्त शेवटचे चार अंक दिसणारं द्या. पैसे गेलेच तर 1930 या क्रमांकावर लगेच तक्रार करा.

राहिली ती रिक्रूटर मंडळी. बरीचशी पंचविशीतली मुलं, डोक्यावर रोजचं टार्गेट. काम झालं नाही की फोन उचलत नाहीत, याचा राग येतोच. पण त्यांच्यातच दोनतीन जण असे निघतात, जे नकारही वेळेवर कळवतात. त्यांना धरून ठेवावं, बाकीच्यांची गर्दी हवी कशाला? 'डुप्लिकेट'चं कारण सांगायला फोन करणारा तो मुलगा असाच होता. पुढे फेब्रुवारीत मावसबहिणीला काम मिळालं ते त्याच्याचमार्फत, एका विमा कंपनीत नऊ महिन्यांचं. त्यानं पहिल्याच वाक्यात कंपनीचं नाव सांगितलं होतं.

ती आता मुलाच्या अर्धवट भरलेल्या वहीत सगळं लिहून ठेवते. तारीख, एजन्सी, कंपनी, सांगितलेला पगार, संमती दिली की नाही. सुरुवातीच्या पानांवर त्याची बाराखडी आहे, मागच्या पानांवर हिचे रकाने. परवा मी तिच्याकडे असताना फोन वाजला. पलीकडचा माणूस भराभर बोलत होता, कुठलंतरी चांगलं काम होतं म्हणे. तिनं त्याला मध्येच थांबवलं. "एक मिनिट हं, वही आणते."